वाचकांचे प्रश्न : मनोरा जुन्या गोव्यात, घंटा पणजीत

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी नागपुरात धरमपेठेत राहते आणि शाळेत शिकवते. माझ्या आईचे माहेर नाशिकचे. पंचवटीतील नारोशंकराची घंटा मूळची एका चर्चची होती, हे ती लहानपणापासून ऐकत आली आहे. अशी घंटा चर्चच्या मनोऱ्यात, तिच्या मूळ जागी टांगलेली पाहावी, ही तिची जुनी इच्छा आहे. येत्या हिवाळ्यात मी तिला पणजीला नेणार आहे. तिचे वय 72 असून गुडघे दुखतात. पणजीच्या चर्चमध्ये घंटेपर्यंत वर जाता येते का? जुन्या गोव्यातील ‘सोन्याची घंटा’ खरोखरच सोन्याची आहे का? दोन दिवसांत हे सारे कोणत्या क्रमाने पाहावे?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : वर जाण्याचा बेत आधीच मनातून काढून टाकावा. ही चर्चे नित्याच्या उपासनेची ठिकाणे आहेत आणि घंटेपर्यंतची वाट घंटा वाजवणाऱ्यांसाठी असते. आपल्या आईंनी त्याची खंतही बाळगू नये, कारण पणजीची घंटा चर्चच्या दर्शनी बाजूच्या माथ्यावर, मधोमध, उघड्या कमानीत टांगलेली आहे आणि खालच्या चौकातूनच ती उत्तम दिसते.

मात्र एक गोष्ट त्यांना निघण्यापूर्वीच सांगावी. पणजीची ही घंटा तिच्या मूळ जागी नाही. ती जुन्या गोव्यातील ऑगस्टिनियन या ख्रिस्ती संघाच्या संन्याशांच्या चर्चची असून वाटेत एक मुक्काम करून पणजीला आली आहे. म्हणून माझा आग्रह असा की, आपण पणजीपासून सुरुवात न करता घंटेच्या प्रवासाच्या क्रमाने जावे. कोकण रेल्वेचे करमळी स्थानक जुन्या गोव्याच्या अगदी जवळ आहे. तेथे थांबणारी गाडी मिळाली तर हा क्रम आपोआपच जुळून येईल.

पहिल्या सकाळी, ऊन चढण्यापूर्वी, जुन्या गोव्यातील मोन्ते सांतो टेकडीवर जावे. तेथे जांभ्या दगडाचा, सुमारे 46 मीटर उंचीचा एक भग्न मनोरा एकटाच उभा आहे. ऑगस्टिनियन संन्यासी 1572 मध्ये गोव्यात आले, आणि ‘कृपेची माता’ या नावाने बांधलेले त्यांचे भव्य चर्च 1602 मध्ये पूर्ण झाले. पोर्तुगीज सरकारने 1835 मध्ये गोव्यातील धार्मिक संघ बरखास्त केले आणि येथील मठ ओस पडला. पुढची पडझड घाईने झालेली नाही, हे तेथे उभे राहिल्यावर फार जाणवते : 1842 मध्ये चर्चचे छत कोसळले, 1931 मध्ये दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा अर्धा भाग पडला, 1938 मध्ये आणखी काही भाग गेला. घंटा मात्र 1841 मध्येच, म्हणजे छत कोसळण्यापूर्वी एक वर्ष आधी, तेथून हलवण्यात आली होती. ती आणखी वर्षभर तेथेच राहिली असती तर आज आपण तिच्याविषयी बोलत असतो की नाही, हा विचार मला त्या मनोऱ्यासमोर दर वेळी अस्वस्थ करतो. परिसरातील जमीन उंचसखल आहे, त्यामुळे आईंना मनोऱ्याच्या समोरच्या मोकळ्या जागेपर्यंतच न्यावे. घंटेची रिकामी जागा तेथूनही मनाला भिडते.

टेकडीवरून उतरल्यावर से कॅथेड्रल हे मुख्य चर्च पाहावे. त्याचे बांधकाम 1562 मध्ये सुरू झाले आणि 1619 मध्ये पूर्ण झाले. दर्शनी बाजूला मुळात दोन मनोरे होते. त्यांपैकी उत्तरेकडचा 1776 मध्ये कोसळला आणि पुन्हा बांधला गेला नाही. आपण विचारलेली घंटा उरलेल्या मनोऱ्यात आहे. ती सोन्याची नाही. तिच्या गंभीर, भरदार नादामुळे तिला ‘सोनेरी घंटा’ म्हणतात. मोठ्या घंटा काशाच्या ओततात, त्यात साधारण चार भाग तांबे आणि एक भाग कथील असते. कथिलामुळे धातू कडक होतो आणि नाद दीर्घकाळ टिकतो, पण त्याच कडकपणामुळे तो ठिसूळही होतो, म्हणून पडलेली घंटा बहुधा तडकते आणि तडकलेली घंटा बद्द वाजते. आईंच्या देवघरातील काशाची घंटा आणि ही अजस्र घंटा यांचे नाते असे एकाच धातूचे आहे.

ऑगस्टिनियन मनोऱ्यातून निघालेली घंटा आधी मांडवी नदीच्या मुखाजवळील आग्वाद किल्ल्याच्या दीपगृहावर गेली आणि सुमारे तीस वर्षे तेथे राहिली. किल्ला पाहण्यासारखा आहे, पण चढ आणि ऊन पाहता आईंसाठी हा मुक्काम वगळला तरी चालेल. मांडवीचे मुख पणजीच्या काठावरूनही पाहता येते.

1871 मध्ये ही घंटा पणजीच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चला मिळाली. गोव्यात या चर्चला ‘पणजीची इगर्ज’ म्हणतात. 1541 मध्ये येथे लहानसे प्रार्थनाघर होते, आणि त्या जागी 1619 मध्ये मोठे चर्च उभे राहिले. घंटेचे वजन सुमारे 2250 किलो. एवढी घंटा पेलण्यासाठी दर्शनी भिंतीच्या माथ्यावर मुद्दाम नवी कमान उभारावी लागली. आज ती सोनेरी घंटेखालोखाल गोव्यातील दुसरी मोठी घंटा मानली जाते. चर्चपुढचा नागमोडी जिना चढणे आईंना अवघड जाईल. आपण वर जाऊन यावे आणि त्यांना समोरच्या उद्यानात बसवावे. चर्चमध्ये जाताना खांदे व गुडघे झाकणारे कपडे असावेत आणि मिस्सा (चर्चमधील सामूहिक उपासना) चालू असताना छायाचित्रे काढू नयेत. 8 डिसेंबरला या चर्चचा वार्षिक उत्सव असतो आणि 3 डिसेंबरला जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांचा. त्या दिवसांत रोषणाई सुंदर असते, पण गर्दी आईंना सोसवणार नाही, म्हणून जानेवारी अधिक बरा.

आता नारोशंकराच्या घंटेविषयी. आईंनी ऐकलेले खरे आहे. 1739 मध्ये चिमाजीअप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी वसई जिंकली, तेव्हा तेथील चर्चच्या घंटा विजयचिन्हे म्हणून नेण्यात आल्या आणि पुढे निरनिराळ्या देवळांना लाभल्या. नारोशंकराच्या घंटेवर 1721 हे साल आहे, आणि ज्या देवळात ती आहे ते 1747 मध्ये बांधले गेले. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागे, कृष्णेच्या घाटावर, अशीच घंटा आहे. तिच्यावर 1707 हे साल आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आजही दिसते. पोर्तुगिजांच्या उपासनेसाठी ओतलेल्या या घंटांचे नवे धनी त्या आकृत्या घासून काढण्याच्या भानगडीत पडले नाहीत, ही गोष्ट मला मराठी माणूस म्हणून फार मोलाची वाटते.

पणजीतील संध्याकाळ मात्र मोकळी ठेवावी. परंपरेप्रमाणे चर्चची प्रार्थनाघंटा पहाटे, दुपारी आणि सूर्यास्ताच्या सुमारास अशी तीनदा होते : तीन-तीन टोल तीनदा, आणि प्रत्येक तिहेरीनंतर जपासाठी थोडी स्तब्धता. नेमकी वेळ सकाळीच चर्चच्या कार्यालयात विचारून घ्यावी आणि पाऊण तास आधी बाकावर जागा धरावी, कारण दिवे लागताच तेथे गर्दी होते.