किचन तोडण्याआधी डेब्रिजचं ठरवा

तोडफोड सुरू करायच्या आधी तोडलेला माल, म्हणजे डेब्रिज, किती निघेल याचा अंदाज घ्या. भिंतीवरची टाइल खालच्या सिमेंट-वाळूच्या मसाल्यासकट निघते, तेव्हा 100 चौरस फुटांमागे साधारण अर्धा टन धरा. ओट्याचा कडाप्पा, ग्रॅनाइट आणि विटा वेगळ्याच. गोण्या अर्ध्याच भरा. 25-30 किलोच्या वर गेल्या की जिन्यात फाटतात आणि शेजाऱ्यांशी वाकडं येतं.

कंत्राटदार ‘डेब्रिज आमच्याकडे’ म्हणतो, पण बऱ्याचदा त्याच्या हिशेबात ते फक्त सोसायटीच्या गेटपर्यंत असतं. टेम्पो कोणाचा, फेऱ्या किती, माल कुठे उतरवणार, हे कोटेशनमध्ये लिहूनच घ्या. रात्री खाडीकाठी किंवा नाल्यात माल ओतणारे स्वस्तात मिळतात, त्यांना अजिबात देऊ नका. पावसात त्याच नाल्याचं पाणी वस्तीत शिरतं.

मुंबईत असाल तर महापालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा आहे; वॉर्ड ऑफिसात आधी चौकशी करा. 2016च्या केंद्रीय नियमांत मालाचं वर्गीकरण ही तो निर्माण करणाऱ्याची, म्हणजे घरमालकाचीही, जबाबदारी धरली होती; काँक्रीट, लोखंड, लाकूड-प्लास्टिक, विटा-मसाला वेगळं ठेवा. सिंक, नळ, ट्रॉल्या आधीच उतरवून भंगारवाल्याला द्या.

आणि हे अगदी नक्की करा: पहिला हातोडा पडण्याआधी मोरीची जाळी आणि सिंकच्या पाइपचं तोंड गोणपाटाचा बोळा कोंबून, वर पीओपी लावून बंद करा. सिमेंटचा चुरा आत गेला की पाण्याबरोबर दगडासारखा बसतो, आणि तुंबतं ते खालच्या मजल्यावरच्यांचं.