हिरवळीला जादा युरिया आणि अवेळी पाणी

प्रश्न : नाशिकमध्ये घरासमोर ५०० चौरस फूट हरळीची हिरवळ आहे. रोज संध्याकाळी पाणी देतो. डिसेंबरमध्ये रंग उतरल्यामुळे खतविक्रेत्याच्या सांगण्यावरून दोन किलो युरिया फोकला. आता करपलेले चट्टे पडले आहेत. उपाय सुचवावा.

उत्तर : हरळी थंडीत वाढ थांबवते आणि फिकी पडते, तो रोग नव्हे आणि नत्राची कमतरताही नव्हे. वाढ थांबलेल्या गवताला युरिया देणे चुकीचेच, आणि दोन किलो तर फारच चुकीचे. चौरस मीटरला एका वेळी १० ग्रॅम पुरतो. आपल्या हिरवळीला ४५० ग्रॅमच्या आसपास. आपण चौपटीहून अधिक दिला. विक्रेत्याला पोते खपवायचे असते, करपलेली हरळी त्याच्या दारात नसते.

आता एकदा भरपूर पाणी देऊन खत मुळांखाली उतरवावे आणि थांबावे. चट्ट्यांवर कोणतेही टॉनिक मारू नये, बुरशीनाशकही नाही. जमिनीखालचे धुमारे जिवंत असल्यास उन्हाची धग वाढताच, फेब्रुवारीअखेरीपासून, ते फुटतील. युरियाचा पुढील हप्ता त्यानंतर, कोरड्या पानांवर, आणि लगेच पाणी देऊन. ओल्या पानांवर दाणे चिकटतात व तेथेच करपते. धो-धो पावसातही युरिया देऊ नये. तो वाहून जातो.

रोजचे वरवरचे पाणी बंद करावे. त्याने मुळे वरच राहतात आणि दोन दिवस पाणी चुकले की गवत माना टाकते. शिवाय संध्याकाळच्या पाण्याने पान रात्रभर ओले राहून बुरशीला आयते निमंत्रण मिळते. सकाळीच, एकदम २० मिलिमीटर पाणी द्यावे, म्हणजे आपल्या हिरवळीला सुमारे ९०० लिटर. फवाऱ्याखाली सरळ कडांचा डबा ठेवून दोन सेंटिमीटर भरायला किती वेळ लागतो ते पाहावे. तासाभराने जुना स्क्रू-ड्रायव्हर जमिनीत खुपसावा. बोटभर सहज गेला तर पाणी पोहोचले. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, हलक्या मुरमाड जमिनीत तीनदा, थंडीत एकदा पुरे.

खरा भर मात्र चाळलेल्या, पूर्ण कुजलेल्या शेणखतावर द्यावा. जूनच्या पहिल्या पावसानंतर अर्धा सेंटिमीटर थर पसरून झाडूने गवतात मुरवावा. कच्चे शेणखत फुकट मिळाले तरी नको. त्यातून तण येते आणि हुमणीही, म्हणजे मुळे खाणारी अळी.

अनुदानित युरिया आणि सूक्ष्म सिंचनाचे अनुदान शेतीसाठी आहे, अंगणासाठी नाही.