सिमेंटची कुंडी घरी ओतली की दर वेळी भेगा का पडतात? साचा म्हणून बादली वापरली तर चालते का?

कुंडीला दोन साचे लागतात, एक बाहेरून आणि एक आतून, आणि मधल्या जागेत माल, म्हणजे सिमेंट, वाळू आणि पाण्याचं मिश्रण, ओततात. बादली चालते, पण बाहेरच्या साच्याला. तुम्ही आतही बादलीच ठेवलीत, आणि तुमची कुंडी तडकली ती बहुतेक त्यामुळेच. आणि प्रश्नात तुम्ही जे सहज लिहिलंय, 'दोन दिवस कडक उन्हात चांगली वाळवली', ते वाचूनच मी उत्तर लिहायला बसलो. आमचे मेहुणे गेली कित्येक वर्षं हेच सांगत आलेत : सिमेंट उन्हात तापलं की पक्कं होतं आणि सिमेंट जास्त घातलं की कुंडी मजबूत होते. दोन्ही चूक.

आधी भेगा नीट बघा. कशामुळे तडकली ते भेगच सांगते.

काठापासून खाली उभी गेलेली, आरपार भेग असेल, तर दोष आतल्या साच्याचा. माल सेट होताना आकसतो. बाहेरच्या बादलीपासून तो सुटतो, पण आतल्या बादलीला आवळून धरतो. जाड प्लॅस्टिकची बादली दबत नाही, म्हणून कुंडी फाटते. आत पातळ, लवचीक प्लॅस्टिकची कुंडी घ्या, तिची भोकं चिकटपट्टीने बंद करा आणि ती वाळूने गच्च भरा. ओतताना वाळूच्या वजनामुळे ती मालावर तरंगत नाही. साधारण 18 ते 24 तासांनी वाळू उपसली की तिची कड आत दाबून ती अलगद निघते. बाहेरचा साचा मात्र 48 तासांआधी काढू नका, थंडीत आणखी एक दिवस थांबा.

तळाशी आडवी भेग असेल, तर माल दोन हप्त्यांत ओतला गेलाय. पहिला थर सेट व्हायला लागला की वरचा त्याला धरत नाही. सगळा माल एकदम कालवा आणि अर्ध्या तासात ओतून मोकळे व्हा.

आणि जाळ्यासारख्या बारीक भेगा असतील, तर कारण ऊन, नाहीतर जास्तीचं सिमेंट, किंवा दोन्ही.

सिमेंट वाळून घट्ट होत नाही. पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होते, म्हणून ते घट्ट होतं. पुलाच्या खांबांचं काँक्रीट पाण्याखालीही ओततात आणि ते तिथेच घट्ट होतं, तिथे कोण ऊन दाखवायला जातं? पहिल्या काही दिवसांत पाणी उडून गेलं की ही क्रिया अर्धवट थांबते. उन्हात बाहेरची बाजू आधी सुकून आकसते, आतली ओलीच राहते, आणि या ओढाताणीत पृष्ठभाग तडकतो. पुढे बोट फिरवलं तरी पांढरी भुकटी निघते. म्हणून साचा काढल्यावर कुंडी सावलीत ठेवा, ओलं गोणपाट गुंडाळा, वरून प्लॅस्टिक बांधा आणि किमान सात दिवस पाणी मारा. पोझोलाना सिमेंट (राख मिसळलेलं, पिशवीवर PPC लिहिलेलं) असेल तर दहा दिवस, कारण ते ताकद सावकाश धरतं.

आता जास्त सिमेंटचं. आकसतो तो सिमेंटचा लगदा, वाळू आकसत नाही, उलट ती लगद्याला आवरून धरते. सिमेंट वाढवलं की आकसणं वाढलं. मापाने एक भाग सिमेंटला अडीच भाग चाळलेली वाळू पुरे.

बाहेरून सरासरी 28 सेंमी व्यास, 26 सेंमी उंची, भिंत आणि तळ 3 सेंमी जाड, अशा कुंडीला साधारण 4 किलो सिमेंट, 11 किलो वाळू आणि 2 लिटर पाणी लागतं. हे पाणी कोरड्या वाळूचं. ओलसर वाळूत वजनाच्या पाच टक्के पाणी सहज असतं, म्हणजे इथेच अर्धा लिटर. वरून पूर्ण दोन लिटर ओतलं की माल पातळ होतो, वाळू खाली बसते आणि काठ कमजोर राहतो. शेवटचं अर्धा लिटर थोडं थोडं घाला. मुठीत दाबल्यावर गोळा टिकला आणि बोटांतून पाणी गळलं नाही की थांबा.

साच्यांना तेलाचा पातळ हात द्या. तळाला भोकांसाठी 15 मिमी पाइपचे 3 सेंमीचे तुकडे तेल लावून उभे करा, तळाचा माल भरा, मग लगेच आतला साचा बरोबर मध्ये ठेवून कडेने माल सोडा. प्रत्येक थराला काठीने कोचा आणि बादलीला बाहेरून थोपटत राहा, नाहीतर हवेचे खड्डे राहतात. यापेक्षा मोठी कुंडी असेल तर भिंतीच्या मध्यावर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी घाला. जाळी पृष्ठभागाला टेकली तर गंजून तिथेच पोपडा उडतो.

आहेत त्या भेगा सिमेंटच्या पाण्याने भरता येतील का, असंही तुम्ही विचारलंय. जाळीसारख्या भेगांवर दिसायला ठीक, पण आरपार भेग पुन्हा उघडणारच. ती कुंडी बाहेरून तारेने आवळा आणि आत प्लॅस्टिकची कुंडी ठेवून वापरा.

रंगाबद्दल एवढंच, की महिनाभर लावू नका. आत ओल असेपर्यंत रंगाला फोड येतात.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. ओल्या सिमेंटने कातडी भाजते, आणि ते लगेच जाणवत नाही, म्हणून रबरी हातमोजे घाला. कोरडं सिमेंट ओतताना नाकाला मास्क हवाच. आणि नव्या कुंडीत लगेच रोप लावू नका. भोकं बंद करून ती पाण्याने भरा, दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदला, दोन-तीन आठवडे. सिमेंटमधून सुटणाऱ्या चुन्यामुळे सुरुवातीला पाण्याचा पीएच 12 च्या आसपास जातो, म्हणजे पाणी फार अल्कधर्मी होतं, आणि कोवळी मुळं जळतात. आम्लधर्मी माती लागणारी अनंत किंवा अझेलियासारखी झाडं मात्र यानंतरही सिमेंटच्या कुंडीत लावू नका.