चारा शार्कला, चावा कुणाला?

प्रश्न : मी आणि माझा नवरा दोघंही प्रमाणपत्र घेतलेले डायव्हर आहोत. बहामाजला टायगर शार्कना मासे चारतात, तिथे पिंजऱ्याविना उतरावं असं मनात आहे. आयोजक सांगतो, आजवर एकाही पाहुण्याला ओरखडासुद्धा उठलेला नाही, आणि पर्यटनामुळेच शार्क वाचतात. माझी बहीण म्हणते, अशानं त्यांना माणसाच्या रक्ताची चटक लागते. खरं कुणाचं?

उत्तर : रक्ताची चटक वगैरे काही लागत नाही, तेवढ्यापुरती बहिणीची चूक. शार्क शिकतो ते वेगळंच. ठरावीक जागी इंजिनाचा आवाज मंदावला की मासळीचा वास येतो आणि बुडबुडे सोडणारी माणसं खाली उतरतात, हे त्याच्या पक्कं लक्षात राहतं. अशा बोटींवर पाहुण्यांच्या पाठीशी पहारा देण्याचं काम मी केलं आहे. नांगर पडण्याआधीच खाली सावल्या फिरू लागतात. पाहुणे हरखतात. मला मात्र वाटायचं, उद्या इथे भाल्यानं मासे मारणारा एखादा एकटाच उतरला, तर हे शार्क त्याच्याकडे काय मागतील?

आयोजकाचा दावा खोटा असेल असं नाही. पण त्याला विचारा, चारणाऱ्या तुमच्या माणसांचं काय? फ्लोरिडातल्या निसर्गविज्ञान संग्रहालयाकडून चालवली जाणारी ‘इंटरनॅशनल शार्क अटॅक फाइल’ जगभरच्या चाव्यांची नोंद ठेवते. तिथे माणसानं ओढवून घेतलेले चावे वेगळे मोजतात, आणि चारताना बसलेला चावा त्यांत जातो. दरवर्षी बातम्यांत झळकणारा आकडा उरलेल्यांचा असतो. गाइडचं तुटलेलं बोट त्यात येतच नाही. आणि पाहुणे सुरक्षितच असतात म्हणावं, तर फेब्रुवारी 2008 मध्ये बहामाजच्याच पाण्यात, आमिष टाकून केलेल्या पिंजऱ्याविनाच्या डाइव्हवर एका ऑस्ट्रियन पर्यटकाच्या पायाला चावा बसला आणि तो वाचला नाही. ती बोट फ्लोरिडातून आलेली होती. फ्लोरिडानं आपल्या हद्दीतल्या पाण्यात डायव्हरसमोर मासे चारायला 2002 पासून बंदी घातली आहे.

चावा बसतो कसा, तेही ऐका. तोंड उघडताना टायगर शार्क डोळ्यावर पडदा ओढतो. शेवटच्या हातभर अंतरात त्याला दिसत नाही. नाकाडावरच्या बारीक छिद्रांनी टिपलेल्या विजेच्या क्षीण खुणांवर तो भिस्त ठेवतो. धातूभोवतीही अशा खुणा असतात, म्हणून कॅमेऱ्यालाही दात लागतात. उघडा गोरा तळवा गढूळलेल्या पाण्यात माशाच्या तुकड्यासारखा दिसतो. गडद हातमोजे घाला, हात काखेत धरा, असं आम्ही बजावायचो ते याचसाठी. आणि तरीही फोटोच्या नादात कुणाचा तरी हात पुढे यायचाच.

शार्क कायमचे बिघडतात का, याला सरसकट उत्तर नाही. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उपग्रह-टॅग लावलेले बहामाजचे टायगर शार्क चाऱ्यापाशी अडकून न राहता फ्लोरिडातल्या शार्कपेक्षाही लांब भटकताना आढळले. उलट फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोरेआ बेटावर लेमन शार्क चाऱ्याच्या जागी जास्त रेंगाळू लागले, आपसात जास्त भांडू लागले. जात कोणती, चारतात किती आणि कसं, यावर सगळं ठरतं. पर्यटनाच्या पैशाबद्दल आयोजक बोलतो त्यातही तथ्य आहे. फिजीच्या बेका लगूनजवळच्या शार्क रीफवर डायव्हर जे शुल्क भरतात ते मासेमारीचा हक्क सोडणाऱ्या गावांना मिळतं. बहामाजनं 2011 मध्ये शार्कची व्यापारी मासेमारी बंद केली, त्यामागेही हा व्यवसाय होताच.

माझ्यापुरतं सांगायचं तर, हातानं घास भरवतात त्या बोटीवर मी पाहुणी म्हणून चढणार नाही. शार्कच्या नाकाला हात लावून त्याला उभं करणं ही निव्वळ सर्कस आहे. आमिष बंद पेटीत ठेवतात का, पाहुण्यांना प्रवाहाच्या वरच्या अंगाला बसवतात का (वासाची धार अंगावरून जाता कामा नये), पाठ राखायला वेगळा माणूस असतो का, रक्त थांबवायचा पट्टा बोटीवर आहे का आणि तो बांधता कुणाला येतो, एवढं विचारा. या प्रश्नांवर आयोजक हसला तर बुकिंग रद्द करा.

प्रश्न : व्हेल शार्क तर चावत नाही. मग फिलिपिन्समधल्या ओस्लोबला त्याला चारलं तर बिघडलं कुठे?

उत्तर : तुमचं काही बिघडत नाही, त्याचं बिघडतं. तिथे होडीवाले 2011 च्या सुमारापासून बारीक कोळंबी टाकतात. एरवी समुद्र पालथा घालणारे हे मासे, त्यातले काही महिनोन्‌महिने तिथेच राहिल्याची नोंद आहे. होडी म्हणजे खाणं, हे शिकलेला व्हेल शार्क दुसरीकडे गेला तरी होडीजवळच येतो, आणि सगळ्याच होड्या वल्ह्यांच्या नसतात. पंख्याच्या पात्यांचे व्रण अंगावर घेऊन फिरणारे व्हेल शार्क तिथे दिसतात. फिलिपिन्सलाच जायचं असेल तर दोन्सोलला जा. तिथे चारत नाहीत, त्यामुळे दिसतीलच अशी हमीही नाही. दोन-तीन दिवस हाताशी ठेवा.