ज्येष्ठमधाचा चहा पहिल्यांदा करताय?

साखर डब्यातच राहू द्या. ज्येष्ठमधातलं ग्लायसिरायझिन साखरेच्या जवळपास 50 पट गोड असतं, आणि ही गोडी जिभेवर उशिरा उमटते. पहिल्या घोटाला वाटतं, काहीच गोड नाही. मग घोट गिळल्यावर घशाशी हळूहळू गोडवा पसरतो आणि बराच वेळ रेंगाळतो. मला या चहातलं सगळ्यात जास्त आवडतं ते हेच, म्हणून घाईने पिऊ नका.

पूड आणू नका. चहा गढूळ होतो, गाळण्यातूनही कण खाली उतरतात. काष्ठौषधीच्या दुकानातून काड्या आणा. मोडल्यावर आत पिवळसर आणि तंतुमय दिसायला हव्यात. दोन कप पाण्याला बोटाच्या पेराएवढा तुकडा पुरे. तो खलबत्त्यात ठेचून पाच-सात मिनिटं मंद आचेवर उकळा. फार उकळलं तर कडवटपणा उतरतो, आणि मग तो कशानेही झाकत नाही.

बडीशेप चिमूटभरच. बडीशेप आणि ज्येष्ठमध, दोन्हींचा सुगंध इतका जवळचा आहे की जास्त झाली तर ज्येष्ठमध हरवतो. आलं आणि गवती चहाची दोन पाती मात्र सुरेख जमतात. दूध नको!

एक गोष्ट मनापासून सांगते: रोज कपावर कप पिऊ नका. ज्येष्ठमधाने रक्तदाब वाढतो, पोटॅशियम कमी होतं. रक्तदाबाचा त्रास असेल किंवा दिवस गेले असतील, तर हा चहा टाळाच.