‘जिवाणू घाण खातात’ म्हणून नगरपालिका सुटत नाही

प्रश्न : तापीकाठी माझी केळीची बाग आहे. वरच्या शहराचं सांडपाणी चार वर्षांपासून प्रक्रिया न करता आमच्या नाल्यात सोडलं जातं. नाला नदीला मिळतो तिथल्या पाणथळीत ते साचतं, आणि लागूनच माझी विहीर आहे. विहिरीच्या पाण्यात लिटरला ९० मिलिग्रॅम नायट्रेट निघालं. नगरपालिका म्हणते, पाणथळीतले जिवाणू नायट्रोजन संपवतात, विहिरीतलं नायट्रेट तुमच्याच युरियाचं, आणि प्रक्रिया केंद्राला निधी नाही. दावा टिकेल का?

उत्तर : भाऊ, टिकेल, पण आधी तारीख बघा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण म्हणजे पर्यावरणाच्या दाव्यांचं न्यायालय. त्याच्या २०१० च्या कायद्यात पर्यावरणाचा वाद सोडवून घेण्यासाठी कलम १४ आहे, पण त्याची सहा महिन्यांची मुदत केव्हाच गेली. भरपाई आणि नाला-पाणथळ पूर्ववत करून मागण्यासाठी कलम १५ आहे. तिथे कारण पहिल्यांदा घडल्यापासून पाच वर्षं मिळतात, त्यावर सबळ कारण असेल तर फक्त ६० दिवस. म्हणजे तुमच्या हाती जेमतेम वर्ष आहे. कांदेबागेची केळी लागवड उरकली की बघू, असं करू नका. अर्ज पुण्याच्या खंडपीठाकडे जातो.

आता जिवाणूंचा मुद्दा. तो साफ खोटा नाही, म्हणूनच त्याला नीट उत्तर द्यावं लागेल. सांडपाण्यातल्या अमोनियाचं नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना ऑक्सिजन लागतो. त्या नायट्रेटचा निरुपद्रवी नायट्रोजन वायू करणारे जिवाणू मात्र ऑक्सिजन नसलेल्या गाळात काम करतात. निरोगी पाणथळीत हे दोन्ही थर शेजारी-शेजारी असतात. मैला सतत येत राहिला की पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि अमोनिया तसाच राहतो. नायट्रेट फार झालं तर शेवटची पायरी अर्धवट राहून नायट्रस ऑक्साइड बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवणारा वायू आहे. उरलेलं नायट्रेट जमिनीत मुरतं. नदी पुढे उकाई, सुरतवरून खंबातच्या आखाताला मिळते. तिथल्या मुखाजवळच्या खाऱ्या दलदलीत मैल्यासारखा सेंद्रिय भार वाढला की गाळात हायड्रोजन सल्फाइड तयार होतो आणि तो याच जिवाणूंना मारक ठरतो. जिवाणूंची कुवत संपेल इतकी घाण त्यांच्यावर टाकायची आणि पुन्हा त्यांचाच आधार घ्यायचा, हा बचाव मला संतापजनक वाटतो. कायद्यालाही तो चालत नाही. जल प्रदूषण कायदा, १९७४ च्या कलम २४ नुसार प्रवाहात किंवा विहिरीत प्रदूषक सोडायलाच मनाई आहे, आणि ‘प्रवाह’ या व्याख्येत भूजलही येतं.

युरियाचा मुद्दा खरा अवघड आहे. हरित न्यायाधिकरण ‘प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यायची’ या तत्त्वावर चालतं, तरी नुकसान त्यांच्याच सांडपाण्यामुळे झालं हे दाखवावं लागतं. तुमचा युरिया लपवू नका. खताच्या पावत्या अर्जासोबतच जोडा. नाल्यात सांडपाणी मिळतं त्याच्या वर, खाली, आणि विहिरीतून असे नमुने घ्या. नायट्रेटबरोबर अमोनिया, क्लोराइड आणि मलजन्य कोलिफॉर्म (विष्ठेतून येणारे जिवाणू) तपासा. कोलिफॉर्म युरियातून येत नाहीत. नायट्रोजनच्या समस्थानिकांची (एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंची) चाचणी जमली तर उत्तम, कारण खताचा नायट्रोजन आणि मैल्याचा नायट्रोजन त्यात बऱ्याचदा वेगळे ओळखू येतात. शिवाय प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी अर्ज देऊन जल प्रदूषण कायद्याच्या कलम २१ प्रमाणे नमुने घ्यायला लावा. समोरच्याला नोटीस देऊन, नमुन्याचे दोन भाग करून ते सीलबंद केले असतील, तरच त्याचा अहवाल त्या कायद्याखालच्या कारवाईत पुरावा म्हणून चालतो.

निधीचं कारण सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात फेटाळलं आहे.

पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे. तुमच्या विहिरीत दुप्पट आहे. निकाल लागेपर्यंत घरात ते पाणी पिऊ नका, आणि तान्ह्या बाळाच्या दुधात तर अजिबात वापरू नका. उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून ते वाढतं.