पेपर क्राफ्ट शिकावं की केक डेकोरेशन? निपाणीसारख्या ठिकाणी राहून छंद म्हणून सुरुवात कुठून करावी?

ताई, तुम्ही लिहिलंय की निपाणीजवळच्या गावात राहता, मुलं शाळेत गेली की दोन-तीन तास मोकळे मिळतात, आणि कागदाची फुलं-शोभेच्या वस्तू शिकाव्यात की केक सजवायला शिकावं हे ठरत नाहीये. मी बेळगावात शहापूर भागात राहते, दोन्ही करते आणि घरी मुली-बायकांना शिकवतेही. माझं मत अगदी स्पष्ट आहे: आधी कागद, मग क्रीम. दोन्ही एकदम नको.

याला कारण आहे. कागदाचं काम मधेच टाकून उठता येतं. दारात कुणी आलं, मूल लवकर घरी आलं, तर कापलेल्या पाकळ्या डब्यात भरायच्या आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे चालू करायचं. क्रीम तुमच्यासाठी थांबत नाही. एकदा फेटलं की ते ढिलं पडायच्या आत केकवर चढलं पाहिजे. घरच्या रगाड्यात नवशिक्या बाईला हा ताण सुरुवातीलाच नको.

दुसरं म्हणजे, कागदात हाताला लागलेलं वळण पुढे केकवर जसंच्या तसं कामाला येतं. क्रेप कागदाचा, म्हणजे बारीक सुरकुत्यांच्या ताणता येणाऱ्या कागदाचा, गुलाब करून बघा. क्रेप एकाच दिशेने ताणला जातो. पाकळी कापताना तो ताण आडवा आला पाहिजे. उभा आला तर पाकळीला खोलगटपणा येतच नाही. दोन्ही अंगठे पाकळीच्या मधोमध ठेवून हलकेच बाहेर ताणायचं, की वाटीसारखा आकार येतो. मग वरची कड विणायच्या सुईवर गुंडाळून मागे वळवायची. मधे घट्ट कळी, तिच्याभोवती तीन पाकळ्या, मग पाच, मग सात, आणि प्रत्येक पाकळी आधीच्या दोघींच्या फटीवर. आता क्रीमच्या गुलाबाचं सांगते: १०४ नंबरचं पाकळीचं नोझल (क्रीमच्या पिशवीच्या टोकाला बसवायची धातूची चोच), त्याचं रुंद तोंड खाली आणि निमुळतं वर, मधे कळी, भोवती तीन, पाच, सात. मांडणी तीच आहे की! कागदावर जिचे गुलाब नीट जमलेत तिला क्रीममध्ये फक्त पिशवी दाबायचा जोर शिकायचा उरतो.

क्विलिंगपासून, म्हणजे कागदाच्या पट्ट्या गोल गुंडाळून नक्षी करण्यापासून, सुरुवात केलीत तरी चालेल. पट्ट्या ५ मिलिमीटरच्या घ्या. ३ मिलिमीटरच्या दिसतात नाजूक, पण नव्या हाताला आवरत नाहीत. खाचेची सुई, फेव्हिकॉल आणि जुनी वही एवढ्यावर काम भागतं. डिंक टूथपिकच्या टोकाने लावा, बोटाने लावलात तर पट्टीवर डाग राहतो. फक्त पावसाळा सांभाळा. तुमच्याकडे त्या मानाने बरं, पण आमच्याकडे आणि खानापूर-कणकुंबीकडे हवा इतकी ओली असते की कागद मऊ पडून गोलाकार सैल होतात. वस्तू पुरी झाली की वार्निशचा हात द्या आणि झाकणाच्या डब्यात ठेवा.

कागदाला आपल्याकडे मागणी नाही असं समजू नका. सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, त्यामुळे गणपतीला कागदी मखर, फुलांच्या माळा, दिवाळीला आकाशकंदील असं काम घरोघरी लागतंच. मखराला जाड हातकागद छान दिसतो. तो सुती चिंध्यांच्या लगद्यापासून करतात, म्हणून चिवट असतो आणि घडीवर पटकन फाटत नाही. पुण्यातली हातकागद संस्था १९४० पासून हे काम करते. कधी पुण्याला गेलात तर तिथले कागद हातात घेऊन बघाच.

आता केक. थेट केकवर शिकू नका, क्रीम आणि पैसे दोन्ही वाया जातात. डालडा आणि पिठीसाखर एकत्र फेटून पिशवीत भरा आणि स्टीलच्या ताटाच्या पाठीवर फुलं, शंख, पानं काढत राहा. खरवडून परत पिशवीत भरलं की तेच पुन्हा वापरता येतं. बाजूंना सारखं क्रीम लावायचा सराव उलट्या घातलेल्या गोल डब्यावर होतो. सामान थोडकंच घ्या: फिरता स्टँड, पॅलेट नाइफ (क्रीम पसरवायची बिनधारेची सुरी), स्क्रॅपर (क्रीम सपाट करायची पट्टी), आणि नोझल चारच, म्हणजे मोठी चांदणी, पान, पाकळी आणि अक्षरांसाठी बारीक गोल. पन्नास नोझलचा डबा दिसतो भारी, पण त्यातली बहुतेक तशीच पडून राहतात.

क्रीम फेटताना ते थंडगार असलं पाहिजे. गोठवलेलं पाकिटातलं क्रीम फ्रीजमध्ये सावकाश सुटू द्या, थोडे बर्फाचे कण उरले की फेटायला घ्या. बीटर उचलल्यावर टोक उभं राहून किंचित वाकलं की थांबा. जास्त फेटून रवाळ झालंच तर चमचा-दोन चमचे न फेटलेलं क्रीम घालून हाताने फिरवा, बऱ्याचदा सावरतं. फाँडंटच्या (साखरेच्या मळलेल्या गोळ्याच्या) बाहुल्या मात्र पावसाळ्यात करू नका. साखर हवेतलं पाणी ओढते आणि बाहुली चिकट होऊन खाली बसते.

आपल्या भागात नावं नीट लिहिता येणं फार मोलाचं आहे. घरी मराठी, शाळेतले मित्र कन्नड, त्यामुळे दोन्ही लिपीत नाव मागणारे येतात. देवनागरी लिहिताना आधी सगळी अक्षरं काढा, शिरोरेषा शेवटी एका दमात ओढा. आधी रेघ काढली तर अक्षरं तिच्याखाली दाटतात. कन्नडची वळणं गोल असतात, तिथे पिशवी न उचलता हात फिरवत न्यायचा. आणि अर्ध्या किलोच्या केकवर ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ मावत नाही, नुसतं नाव लिहा. बटर पेपरवर पेन्सिलीने मापात लिहून बघितल्याशिवाय केकला हात लावू नका.

क्लासचं विचारलंत. कागदासाठी क्लासची गरज नाही, व्हिडिओ बघून येतं. केकसाठी मात्र थोड्या दिवसांचा क्लास जरूर लावा, कारण पिशवीवरचा जोर बघून कळत नाही. त्यासाठी बेळगाव गाठायलाच हवं असं नाही. निपाणीहून कोल्हापूर जवळ पडतं, जाऊन-येऊन दिवसात होतं. फी भरण्याआधी एकच विचारा: प्रत्येकीला स्वतःचा केक करायला मिळतो का? बाई करून दाखवणार आणि आपण फोटो काढणार, अशा क्लासला जाऊ नका. पुढे घरून विकायचं मनात आलं तर एफएसएसएआयची (अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेची) नोंदणी आधी करून घ्या, ती घरगुती कामालाही लागते.

ओव्हन नाही म्हणून अडू नका. कुकरची शिट्टी आणि रबर काढायचं, तळाला मिठाचा थर, वर स्टँड, पाणी अजिबात नाही. आधी रिकामा कुकर दहा मिनिटं मध्यम आचेवर तापवा, मग भांडं ठेवून बारीक आचेवर पाऊणएक तास. मधे सुरी टोचून कोरडी निघाली की झाला. पूर्ण गार झाल्याशिवाय त्यावर क्रीम लावायचं नाही, नाहीतर ते वितळून घसरतं.